आधी तासांचा हिशेब, मग पेपरांचा

(प्रभागसंघाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत आपल्या एका सीआरपी ताईंनी केलेलं हे भाषण. ज्या मैत्रिणींना सभेला येता आलं नाही, त्यांच्यासाठी इथे देत आहोत.)



अध्यक्षताईंनी मला सांगितलं, तू शिकलीस ते बायांना सांग. मी म्हटलं, शिकले ते सांगते, पण आधी नापास झाले ते सांगते. कारण कामाचं तेच आहे.

आज आपल्या गटांतल्या बऱ्याच जणींच्या मुली तालुक्याच्या कॉलेजात बीबीएला आहेत. बीबीए म्हणजे व्यवसाय व्यवस्थापनाची पदवी. काही जणी तर स्वतःच मुक्त विद्यापीठातून पदवीला बसल्या आहेत. गेल्या महिन्याच्या बैठकीत एक ताई म्हणाल्या, "पोरीचं अॅडमिशन झालं, आता आपण सुटलो." ताई, राग मानू नका, पण अॅडमिशन म्हणजे कर्ज मंजूर झालं एवढंच. हप्ते अजून सुरू व्हायचे आहेत. आणि गटात आपण कर्ज देताना काय करतो? कशाला हवं, किती हवं, दर महिन्याला किती फेडशील, सगळं आधी लिहून घेतो. पदवीच्या बाबतीत मात्र आपण फी भरतो, फोटो काढतो, स्टेटसला ठेवतो आणि तीन वर्षं देवावर सोडतो.

मी तेच केलं होतं.

दहा पेपर भरले, तीन सुटले

लग्नाआधी माझी बारावी झाली होती. पुढे गटाचे हिशेब लिहायला लागले, सीआरपी झाले, तेव्हा वाटलं पदवी असावी. मुक्त विद्यापीठात बीबीएला प्रवेश घेतला. पहिल्या वर्षाची पुस्तकं घरी आली, दहा पेपरांची. मी दहाही पेपरांचे परीक्षा अर्ज भरले. कुणी विचारलंच नाही, की बाई तुझ्याकडे वेळ किती आहे. मीही स्वतःला विचारलं नाही.

निकाल लागला. दहापैकी तीन पेपर सुटले. अकाउंटिंगच्या पेपरला तर मी गेलेच नव्हते. भीती वाटत होती, म्हणून तो शेवटी शेवटी ढकलत गेले, आणि शेवट आला तेव्हा सोयाबीनची काढणी आली.

घरी कुणी ओरडलं नाही, पण एक वाक्य ऐकलं. "हिशेब लिहिते म्हणून सगळ्या गावात नाव, आणि हिशेबाच्याच पेपरला दांडी." ते वाक्य मला वर्षभर पुरलं. पुस्तकं माळ्यावर गेली.

दुसऱ्या वर्षी अभ्यास केंद्रावरच्या एका सरांनी मला समोर बसवलं आणि एकच प्रश्न विचारला. "आठवड्याला किती तास देता?" मी म्हटलं, "जमेल तसे." ते म्हणाले, "तुमच्या गटात एखादीनं असं सांगितलं, की हप्ता जमेल तसा देते, तर तुम्ही कर्ज द्याल का?" मी गप्प बसले. त्या दिवशी घरी आल्यावर पहिल्यांदा कागद-पेन घेऊन बसले.

क्रेडिट म्हणजे काय

बँकेत क्रेडिट म्हटलं की आपल्याला कर्ज आठवतं. कॉलेजात क्रेडिट म्हणजे अभ्यासाचं माप. मराठीत श्रेयांक म्हणतात. धान्य पायलीनं मोजतात तसा अभ्यास क्रेडिटनं मोजतात.

आता नवीन शैक्षणिक धोरणाप्रमाणे तीन वर्षांच्या पदवीला १२० ते १३२ क्रेडिट असतात. म्हणजे वर्षाला ४० ते ४४, आणि सहा महिन्यांच्या एका सत्राला २० ते २२. एखादा मोठा पेपर बहुतेक ४ क्रेडिटचा असतो.

नियमित कॉलेजात १ क्रेडिट म्हणजे वर्गात १५ तासांचं शिकवणं. प्रात्यक्षिक असेल तर ३० तास. म्हणजे २० क्रेडिटच्या सत्राला किमान ३०० तास वर्गातच बसायचं. घरचा अभ्यास त्याच्या वर.

मुक्त विद्यापीठात रोज वर्ग नसतो, म्हणून तिथे १ क्रेडिट म्हणजे साधारण ३० तासांचा अभ्यास धरतात. पुस्तक वाचणं, स्वाध्याय लिहिणं, केंद्रावर जाणं, सगळं त्यात आलं. आता हिशेब करा. ४० क्रेडिट गुणिले ३० तास, म्हणजे वर्षाला १,२०० तास. रोजचे सव्वातीन तास. सणवार नाही, पाहुणा नाही, आजारपण नाही, वर्षाचे ३६५ दिवस.

माझ्याकडे होता रोज दीड तास, तोही आठवड्यातले सहा दिवस. आठवड्याला ९ तास, वर्षाला ४६८. भागिले ३० केलं तर साडेपंधरा क्रेडिट. म्हणजे जेमतेम चार पेपरांचा वेळ होता आणि मी भरले होते दहा. मी नापास झाले यात नवल काहीच नव्हतं. मी ढ नव्हते, माझं अंदाजपत्रक चुकलं होतं. हे कळलं त्या दिवशी डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू. वर्षभर मी स्वतःला नावं ठेवत होते.

मग उलटा हिशेब मांडला. नियमाप्रमाणे पदवी पूर्ण करायला मला तीन वर्षांपेक्षा जास्त मुदत होती. सहा वर्षं धरली तर वर्षाला २० क्रेडिट, म्हणजे ६०० तास. वर्षाचे ५० आठवडे धरले तर आठवड्याला १२ तास. रोज दोन तास, सहा दिवस. दीडाचे दोन करायचे, एवढाच प्रश्न उरला. तो घरात बसून सोडवला. संध्याकाळची धार नवऱ्यानं घेतली. सासूबाईंना म्हटलं, "समजा मी कर्ज काढलंय आणि रोज दोन तासांचा हप्ता आहे." त्यांना लगेच पटलं. हप्ता चुकवायचा नसतो हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं, त्या आमच्या गटाच्या पहिल्या अध्यक्ष.

प्रत्येक ठिकाणची मुदत वेगळी असते. तुमच्या माहितीपुस्तिकेत ती छापलेली असते. पहिलं पान उघडायच्या आधी ते पान शोधा.

कुठला पेपर आधी

तास ठरले. आता पेपरांची रांग लावायची. इथे माझी दुसरी चूक होती. सोपे पेपर आधी, अवघड नंतर, असं मी केलं होतं. ऐकायला बरं वाटतं. पण बीबीएचे विषय एकावर एक रचलेले असतात, घराच्या विटांसारखे.

एक साखळी हिशेबाची. पहिल्या वर्षाला फायनान्शियल अकाउंटिंग, म्हणजे जमा-नावे, नफा-तोटा पत्रक, ताळेबंद. त्याच्यावर कॉस्ट अकाउंटिंग उभं, म्हणजे एक नग बनवायला खर्च किती येतो. आणि त्याच्यावर फायनान्शियल मॅनेजमेंट, म्हणजे पैसा कुठून आणायचा, कुठे घालायचा. पहिली वीट नसेल तर वरच्या दोन्ही हवेत.

दुसरी साखळी आकड्यांची. बिझनेस मॅथ्स, मग संख्याशास्त्र, मग संशोधन पद्धती, आणि शेवटी प्रकल्प. पोरी प्रकल्पाला रडतात, पण रडं खरं पहिल्या वर्षाच्या गणितातलं असतं.

तिसरी साखळी माणसांची आणि बाजाराची. व्यवस्थापनाची तत्त्वं, त्यावर मनुष्यबळ व्यवस्थापन. मार्केटिंगची ओळख, त्यावर ग्राहकांचं वागणं, विक्री, जाहिरात. ही साखळी आपल्याला सोपी जाते, कारण आपण रोज हेच करतो. दहा बायकांच्या बैठकीत भांडण मिटवणं म्हणजे मनुष्यबळ व्यवस्थापनच की!

म्हणून रांग अशी लावा. ज्याच्यावर पुढचे पेपर उभे आहेत तो आधी. एका खेपेला एक अवघड आणि एक सोपा. दोन अवघड एकत्र घेऊ नका आणि दोन सोपेही एकत्र घेऊन टाकू नका, नाहीतर शेवटच्या वर्षाला सगळे डोंगर एकदम समोर येतात.

आता तुम्ही म्हणाल, बीबीएची पुस्तकं तर इंग्रजीत असतात, आमचं काय? खरं आहे, बीबीए बहुतेक ठिकाणी इंग्रजीतच असतं. मराठीतून वाणिज्य शिकायचं असेल तर नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठात बी.कॉम. आहे. ते विद्यापीठ १९८९ सालापासून घरी राहून शिकणाऱ्यांसाठीच चालतं. पण इंग्रजीला घाबरून बीबीए सोडू नका. मी एक वही केली. डाव्या बाजूला इंग्रजी शब्द, उजव्या बाजूला आपला. डेबिट म्हणजे नावे. बॅलन्स शीट म्हणजे ताळेबंद. वर्किंग कॅपिटल म्हणजे खेळतं भांडवल. डेप्रिसिएशन म्हणजे घसारा. ओव्हरहेड म्हणजे वरखर्च. इन्व्हेंटरी म्हणजे मालाचा साठा. वही भरता भरता लक्षात आलं, की निम्म्या गोष्टी मी गटाच्या दप्तरात आधीच लिहीत होते. नाव माहीत नव्हतं, काम माहीत होतं. ज्या ताई गटाचं कॅशबुक आणि सामान्य खातेवही लिहितात, त्यांनी अकाउंटिंगला घाबरायचं म्हणजे पट्टीच्या सुगरणीनं वरणाला घाबरायचं.

मिरचीची गोष्ट

अवघड पेपर आधी का घ्यायचा, याचं एक घरचं उदाहरण देते. आमचा गट मिरची पूड करतो. १० किलो सुकी मिरची २०० रुपये किलोनं आणायची, २,००० रुपये. पाव किलोच्या ४० पिशव्या होतील, म्हणजे एक पिशवी ५० रुपयांना पडली, ७५ ला विकली, २५ रुपये नफा. दोन वर्षं आम्ही असंच धरत होतो आणि खात्यात पैसा का दिसत नाही म्हणून एकमेकींकडे बघत होतो. एकदा तर खजिनदार ताईंवर संशय घेण्यापर्यंत गोष्ट गेली.

मी अकाउंटिंगनंतर कॉस्ट अकाउंटिंगचा पेपर घेतला तेव्हा स्वाध्यायाला आमचीच मिरची घेतली. देठ काढून, दळून, १० किलोची पूड ९ किलोच भरते. म्हणजे पिशव्या ४० नाही, ३६. दळण ३०० रुपये. पिशवी आणि लेबल ४ रुपयांप्रमाणे १४४. बाजाराला नेण्याचं भाडं १५०. एकूण खर्च २,५९४. एक पिशवी ७२ रुपयांना पडली. ३६ पिशव्यांचे ७५ प्रमाणे २,७०० आले. सगळ्या मिळून १०६ रुपये उरले. आणि यात आमच्या चार जणींचा पूर्ण दिवस धरलेलाच नाही. २५० रुपये रोज धरला तर हजार रुपये. म्हणजे आम्ही दर खेपेला ८९४ रुपये खिशातून घालत होतो.

खजिनदार ताईंची आम्ही भर बैठकीत माफी मागितली. भाव बदलला, नवीन मिरची बाजारात येते तेव्हा एकदम खरेदी करायला लागलो. तो हिशेब अजून आमच्या गटाच्या दप्तरात लावलेला आहे, कुणालाही बघायला मिळेल.

मी तो पेपर पहिल्यासारखा शेवटी ढकलला असता, तर गटाची आणखी तीन-चार वर्षं गेली असती. आणि एका बाईवरचा खोटा डाग तसाच राहिला असता.

शेतीचं वेळापत्रक आणि परीक्षेचं वेळापत्रक

आता महिने बघा. नियमित कॉलेजात पहिल्या सत्राची परीक्षा दिवाळीच्या आगेमागे येते, दुसऱ्याची उन्हाळ्यात. मुक्त विद्यापीठात वेगळं असतं. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाच्या परीक्षा जून आणि डिसेंबरला असतात. आपल्याकडे जून म्हणजे पेरणी. ऑक्टोबर म्हणजे सोयाबीन. नोव्हेंबर-डिसेंबर म्हणजे कापसाची वेचणी. परीक्षा आपल्या कामासाठी थांबत नाही आणि पाऊस परीक्षेसाठी थांबत नाही.

म्हणून एका मोठ्या कागदावर बारा महिन्यांच्या बारा चौकटी आखा. लाल पेनानं आधी शेतीची कामं, लग्नसराई, सण लिहा. मग निळ्या पेनानं परीक्षा, स्वाध्याय द्यायची शेवटची तारीख, फी भरायची तारीख लिहा. लाल आणि निळं एकाच चौकटीत आलं, की तिथे आताच तजवीज करायची. मी मार्च ते मे या मोकळ्या महिन्यांच्या जिवावर जूनला तीन पेपर ठेवले आणि वेचणीच्या हंगामात डिसेंबरला दोनच. परीक्षेच्या आठवड्यात शेजारच्या दोघी माझ्या शेतात आल्या, त्यांच्या कामाच्या वेळी मी त्यांच्या शेतात गेले. आधी ठरलेलं असलं की कुणी नाही म्हणत नाही. ऐन वेळी मागितलं की अडतं.

स्वाध्यायाचं विशेष सांगते. लेखी परीक्षेच्या गुणांशिवाय स्वाध्यायाचे, अंतर्गत परीक्षेचे वेगळे गुण असतात. हे गुण घरी बसून, पुस्तक उघडं ठेवून मिळतात. तारीख चुकली तर हातचे जातात. बचत न भरता कर्ज मागण्यासारखं होतं मग.

कॉलेजात जाणाऱ्या मुलींच्या आयांसाठी

आता मुलींबद्दल बोलते. माझ्या जावेची मुलगी तालुक्याला बीबीएला आहे. बारावी कला शाखेतून झालेली. पहिल्या सत्रात अकाउंटिंग आणि गणित, दोन विषय राहिले. पोरगी कुणाला बोलली नाही. मावशीच्या लग्नात गोष्ट फुटली. लगेच सुरू झालं, "झेपत नाही तर कशाला शिकवता, स्थळ चांगलं आलंय."

मी तिला घेऊन बसले. रागावले नाही, फक्त वेळापत्रक मागितलं. तेव्हा कळलं, अकाउंटिंगचा तास दिवसातला शेवटचा. आमच्या गावची एसटी त्याच्या अर्धा तास आधी सुटते. म्हणजे आठवड्यातून चार दिवस पोर हिशेबाच्या तासाला नसायचीच. झेपत नव्हतं असं काही नव्हतं, गाडी आडवी येत होती. त्याच बाजूच्या आणखी तीन मुली निघाल्या. चौघींनी मिळून मॅडमना अर्ज दिला, दोन दिवस तास पुढे घेतला गेला, उरलेले दोन दिवस पुढच्या गाडीनं येतात आणि फाट्यावर आमच्यापैकी एक जण घ्यायला जातो. दोन्ही विषय पुढच्या खेपेला सुटले. आज ती तिसऱ्या वर्षाला आहे. स्थळं अजून येतात, ती म्हणते थांबा, बाबाही म्हणतात थांबा.

म्हणून आयांनो, निकालाची वाट बघू नका. सत्र सुरू झालं की पहिल्याच महिन्यात पोरीला चार गोष्टी विचारा. कोणते विषय आहेत, कुठल्या विषयाला किती क्रेडिट, कुठला तास कितीला, आणि कुठल्या विषयाची भीती वाटते. चौथा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. उत्तर आलं की ओरडायचं नाही, लिहून ठेवायचं. हजेरीचंही विचारा. बहुतेक विद्यापीठांत ७५ टक्के हजेरी लागते, आणि लग्नसराईत आपणच पोरींना घरी ठेवतो.

विषय राहिला तरी पुढच्या वर्गात जाता येतं, त्याला एटीकेटी म्हणतात. किती विषयांपर्यंत चालतं, ते प्रत्येक विद्यापीठाचं वेगळं. पण राहिलेला विषय म्हणजे थकलेला हप्ता. पुढच्या सत्राचे विषय असतातच, वर हा. दोन थकले की तिसरा थकतो, हे तुम्हाला मी सांगायला नको.

आणि एक नियम सगळ्यांनी लक्षात ठेवा. नवीन धोरणात मध्येच शिक्षण थांबलं तर पहिल्या वर्षाचे क्रेडिट आणि ४ क्रेडिटचा कौशल्याचा एक अभ्यासक्रम पूर्ण असेल तर प्रमाणपत्र मिळतं, दोन वर्षांनंतर पदविका. तीन वर्षांच्या आत परत येऊन पुढे शिकता येतं, आणि सगळं मिळून सात वर्षांत पदवी पुरी करता येते. मिळवलेले क्रेडिट अॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स नावाच्या खात्यात जमा राहतात. ते खातं डिजिलॉकरवरून उघडता येतं. मुलीचं खातं आहे ना, कॉलेजनं क्रेडिट त्यात टाकले ना, हे बघून घ्या. आपण पासबुक भरून आणतो तसं.

पण नीट ऐका. त्या खात्यात सुटलेल्या पेपरांचेच क्रेडिट जमा होतात. आपल्यातल्या किती मुलींचं शिक्षण पहिल्या-दुसऱ्या वर्षाला लग्नामुळे थांबतं, तुम्हाला माहीत आहे. थांबू नये म्हणून आपण भांडूच. पण एखादीचं थांबलंच, तर तिच्या हातात काय राहील हे तिनं पहिल्या वर्षाचे पेपर सोडवलेत की नाही यावर ठरेल. सगळे सुटलेले असतील तर ती दोन वर्षांनी मूल कडेवर घेऊन परत येऊ शकते, तिथूनच पुढे. चार राहिलेले असतील तर परत यायची उमेदच राहत नाही. म्हणून पहिल्या वर्षाचा आराखडा सगळ्यात पक्का हवा.

ज्यांच्या मुली पुढच्या वर्षी प्रवेश घेणार आहेत, त्यांनी आधी एक चौकशी करायची. २०२४-२५ पासून बीबीए एआयसीटीईच्या अखत्यारीत आलं आणि प्रवेशासाठी राज्याची सीईटी सुरू झाली. त्याच वर्षापासून शासनानं वार्षिक ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केलं. कॉलेजात स्पष्ट विचारा, हा अभ्यासक्रम त्या मान्यतेतला आहे का, आणि आमच्या मुलीला फीची सवलत लागू होते का. नावं सारखी दिसतात, सवलत सगळीकडे सारखी नसते. महाडीबीटीचा अर्जही वेळेत भरा, आणि तो दर वर्षी बघावा लागतो.

निवडीचे विषय

नवीन रचनेत मुख्य विषयाबरोबर दुय्यम विषय, खुले निवडीचे विषय, कौशल्याचे विषय, प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण आणि फील्ड प्रोजेक्ट असतात. निवड पोरी कशी करतात? मैत्रिणीनं घेतलं म्हणून. तुम्ही तिला विचारा, तीन वर्षांनी काय करायचंय. बँकेत जायचं असेल तर हिशेब आणि वित्ताकडे वळ. स्वतःचा धंदा असेल तर मार्केटिंग आणि उद्योजकता. आणि फील्ड प्रोजेक्टला शहरात कंपनी शोधत फिरायची गरज नाही. आपल्या प्रभागात डाळ मिल आहे, शेळीपालनाचे गट आहेत, पापड-मसाल्याचे गट आहेत. पोरींनी यावं, आपला खरा हिशेब मांडावा. त्यांना गुण मिळतील, आपल्याला हिशेब मिळेल. कॉलेजचं पत्र लागलं तर प्रभागसंघ देईल, अध्यक्षताईंनी मान्य केलंय, तुमच्या समोर मान डोलावली.

आता करायचं काय

घरी गेल्यावर एक कोरा कागद घ्या आणि पाच गोष्टी लिहा.

१. आठवड्याला खरोखर किती तास मिळतात. हवे किती ते नाही, मिळतात किती ते.

२. त्या तासांत किती क्रेडिट बसतात. मुक्त विद्यापीठात असाल तर तासांना ३० ने भागा.

३. कोणता पेपर कोणावर उभा आहे, आणि कोणत्याची भीती वाटते.

४. बारा महिन्यांचं लाल-निळं वेळापत्रक.

५. घरात कोण कोणतं काम उचलणार. नाव घालून लिहा, "सगळे मदत करू" असं लिहू नका.

हा कागद भिंतीला लावा, बँकेच्या हप्त्याच्या तक्त्याशेजारी. दर महिन्याला बघा. चुकला तर खोडून दुरुस्त करा, फाडू नका. माझा कागद मी सहा वर्षांत अकरा वेळा बदलला.

मला पदवीला सहा वर्षं लागली. पहिलं वाया गेलेलं वर्ष धरलं तर सात. निकाल आला त्या दिवशी सासूबाईंनी विचारलं, "म्हणजे हप्ते संपले?" मी म्हटलं, "संपले." त्या म्हणाल्या, "मग आता धार तू काढ." नवरा हसला, पण धार अजून तोच काढतो.

गुरुवारी दुपारी दोन ते चार मी प्रभागसंघाच्या कार्यालयात असते. मुलीला घेऊन या, पुस्तिका घेऊन या, राहिलेल्या विषयांची गुणपत्रिका असेल तर तीही आणा, लपवू नका. माझीही दाखवते, जपून ठेवली आहे. सात रकान्यांत नापास आहे तिच्यावर. पुढच्या महिन्याच्या ग्रामसंघ बैठकीत प्रत्येक गावातून निदान एक आराखडा यावा, एवढं मागते आणि थांबते.